घ्यायचंय का वाचायचंय? : लॅक्मेचं काजळ आणि त्याचं खोकं

गणपतीत भाची आली होती, अकरावीत आहे, आरतीच्या आधी आरशासमोर उभी राहून माझं काजळ उचललं आणि लावायच्या आधी विचारते कशी, "मावशी, हे क्रुएल्टी फ्री आहे ना? आणि व्हीगन?" (म्हणजे प्राण्यांवर टेस्ट न केलेलं, आणि प्राण्यांपासून आलेलं काही नसलेलं.) मी म्हणलं अगं लॅक्मे आहे ते, लॅक्मे. म्हणजे एवढं म्हणलं की विषय संपला असं आमच्या पिढीला वाटतं. ती म्हणाली, "हो, पण म्हणजे काय?" आणि खरं सांगते माझ्याकडे उत्तर नव्हतं. गेली कितीतरी वर्षं तेच आयकॉनिक काजळ वापरतेय, संपलं की दुसरं आणायचं, त्यात काय असतं हे एकदाही वाचलेलं नाही, आणि मी बीएस्सी केमिस्ट्री आहे आणि दहा वर्षं रंगाच्या (भिंतीच्या हो) कंपनीत लॅबला काढलीयेत म्हणजे मला तर काही सबबच नाही.

वाचायचं म्हणलं तर वाचायचं कुठे, पेन्सिलीवर नाव आणि इवलेसे आकडे, बाकी सगळं त्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर, आणि खोकं आपण दुकानातून घरी येईपर्यंतसुद्धा ठेवत नाही. मग शनिवारी तुळशीबागेत गेले, एका दुकानात काजळ, लिपस्टिक, कॉम्पॅक्ट, हायलायटर अशी खोकी एकेक करून मागितली आणि मोबाईलचा टॉर्च लावून वाचत बसले. दहा मिनिटांनी दुकानदार म्हणाले, "ताई, घ्यायचंय का वाचायचंय?" दोन्ही करायचं होतं. म्हणून हा रिव्ह्यू, जरा लांबेल.

आधी क्वालिटी, कारण ते पटकन सांगून होतंय. काजळ चांगलं आहे. एका फटक्यात काळंभोर उठतं, टोक मऊ आहे त्यामुळे डोळ्याच्या आतल्या कडेला टोचत नाही, शार्पनर लागत नाही, सकाळी नऊला लावलेलं संध्याकाळी सहाला बसमधून उतरताना जागेवर असतं. २२ तास टिकतं असा कंपनीचा दावा आहे, पण २२ तास काजळ लावून बसायला मी काय कथकली करतेय का, मला ऑफिसपुरतं पुरे. काढताना मात्र पाण्याने निघत नाही, खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं आणि कापसाने पुसायचं. निघत नाही हा दोष नाही बरं का, टिकण्यासाठी जे घातलंय तेच निघताना आडवं येतं. या ट्विस्ट करून वर येणाऱ्या वॉटरप्रूफ काजळांचं सूत्र बहुतेक कंपन्यांत साधारण सारखंच असतं, मेण, उडून जाणारं सिलिकोन, मागे राहून पापुद्रा धरणारं रेझिन आणि काळा रंग म्हणून आयर्न ऑक्साइड, सीआय ७७४९९ (सीआय म्हणजे कलर इंडेक्स, प्रत्येक रंगद्रव्याला दिलेला नंबर). हाच आयर्न ऑक्साइड आम्ही लॅबमध्ये पोतीच्या पोती वापरायचो, अर्थात इथे शुद्धतेचा दर्जा फार वेगळा असतो, घाबरू नका.

वजन मात्र बघा. ०.३५ ग्रॅम. ग्रॅम लिहिलंय, पण शून्य पॉइंट पस्तीस. दोनशे रुपये जरी धरले तरी ग्रॅमला पावणेसहाशेच्या आसपास पडतं. चांदीपेक्षा महाग! आई म्हणाली, "म्हणून तर आम्ही घरी पाडायचो." एरंडेलाचा दिवा, वर पालथं तांब्याचं ताम्हन, रात्रभर धरलेली काजळी आणि त्यात तुपाचं बोट. आता "घरचं ते शुद्ध" म्हणून पोस्टी फिरतात त्यांच्यासाठी एक सांगते, काजळी म्हणजे अर्धवट जळलेला कार्बन, त्यात धुरातली घातक संयुगं येऊ शकतात, आणि बाहेरच्या काही सुरम्यात तर शिशाचं खनिज, गॅलेना, कुटून घातलेलं सापडलंय. अमेरिकेत तर कोहल हा रंग म्हणून मान्यच नाही, तिकडे असलेल्या बहिणींनी आजीची डबी बॅगेत टाकताना हे लक्षात ठेवा. बाळाच्या डोळ्यात तर कुठलंच काजळ घालू नका, तीट गालाला लावा आणि हौस भागवा.

आता लेबल. ही गोष्ट मला स्वतःला माहीत नव्हती आणि कळल्यावर मी दुकानातच "हॅ!" केलं. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे कॉस्मेटिकवर घटकांची यादी छापावी लागते, १ टक्क्याहून जास्त असलेले उतरत्या क्रमाने आणि त्याहून कमी असलेले नंतर कसेही. पण ३० ग्रॅमपेक्षा कमी घन वस्तू किंवा ६० मिलीपेक्षा कमी द्रव असेल तर यादी नाही दिली तरी चालते. आता मला सांगा, ३० ग्रॅमची लिपस्टिक कुणी पाहिलीये? ३.६ ग्रॅमची असते ती. काजळ, लिपस्टिक, मस्कारा, आयलायनर, नेलपेंट, सगळं सुटलं. म्हणजे जे डोळ्यात जातं आणि पोटात जातं त्यालाच सूट, आणि अंगाला लावून धुवून टाकायच्या शॅम्पूला पूर्ण यादी. मोठ्या कंपन्या तरी खोक्यावर यादी छापतात ही त्यांची चांगली गोष्टच म्हणायची, लॅक्मेलाही हा मार्क देते, पण लहान अक्षरात आणि फेकायच्या खोक्यावर, हा अर्धा मार्क कापला.

लिपस्टिकच्या यादीत अजून एक गंमत असते. शेवटी कंसात अधिक-उणे अशी खूण करून रंगांची रांगच्या रांग लिहिलेली असते, तिचा अर्थ "यातले काही असू शकतात, काही नसू शकतात". सगळ्या शेडना एकच खोकं छापायला सोपं पडतं म्हणून जगभर असंच करतात. पण आपल्या हातातल्या शेडमध्ये नक्की कुठला रंग आहे ते त्यावरून कळतच नाही. आणि त्या रांगेत कधीकधी सीआय ७५४७० असतो. हा कार्मिन. निवडुंगावर राहणारे कोचिनियल नावाचे किडे वाळवून, कुटून काढलेला लाल रंग. शुद्ध शाकाहारी लोकांनो, तुमच्याशी बोलतेय मी! आमच्या एक नातेवाईक बाई चातुर्मासात कांदा-वांगं शिवत नाहीत, आणि लाल लिपस्टिक लावून वारीच्या फोटोत हसतायत, त्यांना हे सांगायची माझी अजून छाती झालेली नाही. सांगलीची माझी जैन मैत्रीण मात्र ऐकल्यावर गप्प झाली आणि म्हणाली "आकडा परत सांग गं", आणि मोबाईलमध्ये टाकून घेतला. तुम्हीही टाका, ७५४७०. मधमाशीचं मेण सेरा अल्बा किंवा बीजवॅक्स नावाने येतं, मेंढीच्या लोकरीतली चरबी लॅनोलिन म्हणून. यातलं कुठलंच अंगाला वाईट नाही, प्रश्न तुमच्या व्रताचा आणि मनाचा आहे, आणि तो प्रश्न ज्याला पडतो त्याला उत्तर मिळायला हवं एवढंच. टूथपेस्टवर जसा हिरवा ठिपका दिसतो तसा तुमच्या डबीवर असेल तर उत्तम, नसेल तर आकडे वाचा.

बाकी "केमिकल फ्री" वगैरे लिहिणाऱ्यांना मी सिरियसली घेत नाही, पाणीसुद्धा केमिकलच आहे. पॅराबेन या प्रिझर्व्हेटिव्हचा बाऊ तर फारच झालाय, मिथाइल पॅराबेन थोड्या प्रमाणात चालतं असं युरोपातले कडक लोकसुद्धा म्हणतात, आणि प्रिझर्व्हेटिव्ह नसलेला डोळ्याचा मेकअप म्हणजे जंतूंना आमंत्रण. मी बघते तो शब्द वेगळाच, "परफ्यूम" नाहीतर "फ्रॅग्रन्स". त्या एका शब्दात कितीही वासाची द्रव्यं मावतात. मला एकदा एका लिपबामने ओठाभोवती पुरळ आलं होतं (कंपनी दुसरी, नाव सांगत नाही, त्यांचा माझा हिशोब मिटलाय) आणि डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला, वास होता का त्याला.

शिसं आणि पारा, हे मात्र खरे प्रश्न. आपल्याकडे शिशाचे, आर्सेनिकचे रंग कॉस्मेटिकमध्ये वापरायला बंदी आहे, आणि जे कृत्रिम रंग चालतात त्यात अशुद्धी म्हणून शिसं २० पीपीएमच्या वर आणि आर्सेनिक २ पीपीएमच्या वर नको. पीपीएम म्हणजे किलोमागे मिलिग्रॅम. पाऱ्याचं विचित्र आहे, २०२० च्या नियमांत इतर कॉस्मेटिकमध्ये नकळत आलेला १ पीपीएम चालतो आणि डोळ्याभोवतीच्या गोष्टींमध्ये ७० पीपीएमपर्यंत, कारण तिथे तो पूर्वीपासून प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून वापरायचे. २०१४ साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने बाजारातली कॉस्मेटिक्स तपासली होती, तेव्हा ३२ फेअरनेस क्रीमपैकी १४ मध्ये पारा निघाला होता. लिपस्टिकमध्ये शिसं नाही सापडलं, क्रोमियम आणि निकेल बऱ्याचशांमध्ये सापडलं. म्हणजे आपण वॉट्सपवर सोन्याची अंगठी लिपस्टिकवर घासून शिसं ओळखायची ट्रिक फॉरवर्ड करत बसतो (ती खोटी आहे, सोनंच काय दुसरे धातू घासले तरी काळी रेघ उठू शकते) आणि धोका शेजारच्या क्रीमच्या डबीत बसलेला असतो.

भाचीच्या प्रश्नावर येते. क्रुएल्टी फ्री. भारतात २०१४ च्या मे महिन्यापासून कॉस्मेटिकसाठी प्राण्यांवर टेस्टिंग करायला बंदी आहे, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून तसं टेस्ट केलेलं बाहेरून आणायलाही बंदी. तेव्हा इथेच बनून इथेच विकल्या जाणाऱ्या डबीवर सशाचं चित्र, म्हणजे क्रुएल्टी फ्रीची खूण, बघून हुरळून जायची गरज नाही, ते म्हणजे दूधवाल्याने "आम्ही पाणी घालत नाही" अशी पाटी लावण्यासारखं झालं, बाबा घालायचंच नसतं. सशाचा खरा अर्थ असतो तो जगभर धंदा करणाऱ्या कंपनीच्या बाबतीत, कारण चीनमध्ये २०२१ पर्यंत बाहेरून येणाऱ्या साध्या मेकअपलासुद्धा प्राण्यांवर टेस्टिंग सक्तीचं होतं, म्हणजे तीच कंपनी इथे ससा छापायची आणि तिकडे माल पाठवायची असं शक्य होतं. भाचीला मी सांगितलं की तुझ्या प्रश्नाचं उत्तर "कायद्याने हो" असं आहे. ती म्हणाली मावशी तू उत्तर वकिलासारखं देतेस.

पण प्राण्यांचं विचारणारी ही सगळी मुलं माणसांचं विचारत नाहीत याचं मला फार वाटतं. हायलायटर, आयशॅडो, शिमर लिपस्टिक, कॉम्पॅक्टची ती हलकी झाक, ही चमक येते अभ्रकातून. यादीत "मायका" किंवा सीआय ७७०१९. आणि जगातलं चांगल्या प्रतीचं अभ्रक भरपूर येतं ते झारखंड-बिहारच्या पट्ट्यातून, कोडरमा, गिरीडीह, नवादा. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर तिथल्या बऱ्याच अधिकृत खाणी हळूहळू बंद पडल्या, पण अभ्रक जमिनीत होतंच आणि गिऱ्हाईकही होतंच, मग लोक टाकलेल्या ढिगाऱ्यांतून आणि उंदराच्या बिळासारख्या भोकांतून वेचायला लागले. त्या वेचलेल्या तुकड्यांना तिकडे ढिबरा म्हणतात. घरातली सगळी वेचतात, पोरंसुद्धा, कारण भोकात शिरायला लहान अंग बरं पडतं. २०१६ मध्ये थॉमसन रॉयटर्स फाउंडेशनच्या पत्रकारांनी शोधून काढलं की दोन महिन्यांत अशा खाणींत सात मुलं मेली होती आणि प्रकरणं दाबली गेली होती, कारण खाणच बेकायदा, तक्रार केली तर उद्याची चूल बंद. त्याच वर्षी डच संस्थांच्या अहवालात या पट्ट्यात बावीस हजारांच्या आसपास मुलं या कामात असल्याचा अंदाज होता. पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये कंपन्यांनी मिळून रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह, म्हणजे अभ्रक जबाबदारीने घेण्यासाठीचा गट, काढला, एका ब्रिटिश साबण-कॉस्मेटिक कंपनीने सरळ कृत्रिम अभ्रकच घेतलं, ते लॅबमध्ये बनतं आणि यादीत सिंथेटिक फ्लोरफ्लोगोपाइट अशा जीभ अडखळवणाऱ्या नावाने येतं.

आता हे सगळं लॅक्मेवर ढकलायचं नाहीये, कुठल्या डबीतलं अभ्रक कुठल्या बिळातून आलं हे डबी हातात घेऊन कुणीच सांगू शकणार नाही, ढिबरा वेचणाऱ्याकडून छोटा व्यापारी, त्याच्याकडून मोठा, मग निर्यात, मग रंग बनवणारा आणि मग मेकअपवाला, चार-पाच हात बदलतात. माझं म्हणणं एवढंच आहे की मी जी खोकी वाचली त्यांच्यावर कॉर्न फ्लोअर की टाल्क हे कळतं, अभ्रक कुठलं हे कुणाच्याच खोक्यावर कळत नाही, देशी-विदेशी, दोनशेचं की दोन हजारांचं. आंब्याच्या पेटीवर देवगड लिहिलेलं नसेल तर आपण दहा प्रश्न विचारतो की नाही? म्हणून मी माझ्यापुरतं ठरवलंय, चमकीचं काही घ्यायचं नाही, घेतलंच तर ते जीभ अडखळवणारं नाव बघून. काजळाला आणि मॅट लिपस्टिकला तसंही चमक लागत नाही.

लॅक्मेबद्दल आईचा मुद्दा वेगळाच आहे. "टाटांची आहे गं, फसवायचे नाहीत." तिला मी गेली पंधरा वर्षं सांगतेय की आता टाटांची नाही. १९५२ साली टाटांनीच काढली, बायकांच्या मेकअपपायी परकीय चलन बाहेर जातंय म्हणून नेहरूंनी जेआरडींना सुचवलं असं सांगतात, नावसुद्धा आपल्या लक्ष्मीचंच, फ्रेंच लोकांनी त्यांच्या एका ऑपेरासाठी केलेलं रूप. मग साठच्या दशकात सिमोन टाटा बोर्डावर आल्या, जिनिव्हाच्या बाई, आणि पुढे त्यांनीच ती मोठी केली. पण १९९६ मध्ये हिंदुस्तान लिव्हरशी (म्हणजे आजची हिंदुस्तान युनिलिव्हर) भागीदारी आणि १९९८ मध्ये पूर्ण विक्री, त्याच पैशातून पुढे वेस्टसाइडची दुकानं उभी राहिली. तेव्हा आईचा टाटांवरचा विश्वास वेस्टसाइडमध्ये जाऊन कुर्ता घेण्याच्या कामाचा आहे, काजळाच्या नाही.

आणि एथिक्स बघायचं तर आताच्या मालकाचं बघायला लागतं. हिंदुस्तान युनिलिव्हरचं नाव निघालं की मला कोडाईकनाल आठवतं. अमेरिकेतून उचलून आणलेला थर्मामीटरचा कारखाना, आधी पाँड्सचा, पुढे पाँड्सबरोबर यांच्याकडे आलेला, पारा असलेली काच भंगारवाल्याकडे गेल्याचं उघडकीला आलं आणि २००१ मध्ये तो बंद झाला. कामगारांशी तडजोड व्हायला २०१६ उजाडलं, ५९१ जणांशी, आणि तेही २०१५ मध्ये एका रॅप व्हिडिओने जगभर बोभाटा केल्यानंतर. पंधरा वर्षं. हे काजळाच्या डबीत दिसत नाही पण डबी ज्याची त्याच्या खात्यावर आहे. दुसरीकडे २०२० मध्ये याच कंपनीने फेअर अँड लव्हलीचं नाव बदललं आणि फेअर, व्हाइटनिंग, लाइटनिंग असले शब्द काढून टाकायचं जाहीर केलं, लॅक्मेच्या क्रीमवरही ते लायटनिंग होतंच की. आता "ग्लो", "ब्राइट", "रेडियन्स". पाटी बदलली, दुकान तेच, तरी पाटी बदलली हेही काही कमी नाही, माझ्या लग्नाच्या वेळी तर "मुलगी गव्हाळ आहे पण" यातला तो "पण" मी अजून विसरलेली नाहीये.

त्यावरून शेड्स. यांच्या जुन्या लिक्विड फाउंडेशनच्या शेडची नावं बघा, पर्ल, मार्बल, शेल, कोरल. मोती, संगमरवर, शिंपला, पोवळं! आमच्या घरात मोत्याच्या रंगाची एकही बाई नाही. चिंच, खजूर, काकवी, नाचणी, अशी माणसं आहेत आमच्याकडे. नंतर महागड्या रेंजमध्ये गडद शेड आल्या हे खरं, पण स्वस्त बाटलीची गिऱ्हाईक जास्त सावळी असते हे कुणी तरी यांना सांगायला हवं. ७० वर्षं भारतात भारतीय बायकांसाठी मेकअप करणाऱ्यांबद्दल माझी ही सगळ्यात मोठी तक्रार आहे, पाऱ्याबिऱ्याच्या खालोखाल.

एक सावधगिरी, नकली मालाची. मागे मी एका ठिकाणाहून, नाव नको, निम्म्या किमतीत काजळ मागवलं होतं, आलं ते दिसायला अगदी सेम, पण खोक्यावर उत्पादन परवाना नंबर नाही, बॅच नंबर पुसट शिक्क्याचा, पेन्सिल आणि खोक्यावरचा बॅच नंबर वेगवेगळा आणि वास रॉकेलसारखा. परत पाठवलं. वर लिहिलेले सगळे शिसं-पाऱ्याचे नियम खऱ्या मालाला आहेत, नकली मालाला कुठलाच नियम नाही, त्यामुळे पन्नास रुपये वाचवायचे तर ओळखीच्या दुकानात घासाघीस करून वाचवा, डोळ्यावर प्रयोग नको.

तर मी काय घेतलं? एक काजळ, एक मॅट लिपस्टिक, वीटकरी रंगाची, यादीच्या त्या रांगेत ७५४७० नसलेली, आणि हायलायटर परत ठेवला. गुण द्यायचे तर काजळाला दहापैकी साडेआठ, लेबलला सहा, शेड्सना पाच, आणि एथिक्सला मी आकडा देणार नाही, प्राण्यांचं कायद्याने भागवलंय, माणसांचं खोक्यावर लिहिलेलं नाही, शून्याचा पुरावा नाही आणि दहाचाही नाही. दुकानदाराने बिल करताना खोकी काढून डस्टबिनमध्ये टाकायला हात पुढे केला, मी म्हणलं ओ, ते द्या, तेच तर घ्यायला आलेय.

भाचीला व्हिडिओ कॉल करून लिपस्टिकच्या खोक्यावरची पूर्ण यादी वाचून दाखवली, ती दुसऱ्या ओळीला कंटाळली. काजळाचं खोकं वाचायला उचललं तर त्यात आईने सुयांचं पाकीट ठेवलेलं.